गंज काढण्याची विद्या

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीच्या दिवशीं, खानदेशांत घरोघरीं लोखंड बाहेर निघतें. शेतकरी वखराची पास, कोळपीं, विळे आणि कुऱ्हाडी पुढें मांडतो. सुतार पटाशी, रंधा व करवत काढतो. धुळें-जळगांवच्या सुशिक्षित कुटुंबांतहि विळी, अडकित्ता आणि मोटारीचे पाने यांना हळदकुंकू मिळतें. आणि एखाद्या जुन्या वाड्यांत माळ्यावरच्या कापडी गुंडाळींतून पूर्वजांची तलवार उलगडली जाते.

पूजेआधीं मात्र एक कष्टाचें काम उरकावें लागतें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या वस्तूंवर तांबूस गंज चढलेला असतो, आणि तो काढल्याशिवाय पूजा कशी करावयाची? कोणी विटेची भुकटी घेऊन बसतो, कोणी चिंचेचा कोळ, कोणी रॉकेल, कोणी काचकागद. सायंकाळपर्यंत पोलाद चकाकूं लागतें व घासणाराच्या मुद्रेवर समाधान दिसतें. त्या भुकटीबरोबर, त्या कोळाबरोबर थोडें लोखंडहि नाहींसें झालें, हें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. गंज काढावा कसा, हें पुष्कळांस ठाऊक असतें. तो किती काढावा व कोठें थांबावें, हें फार थोड्यांस. ही दुसरी गोष्ट एके काळीं स्वतंत्र विद्या होती व तिच्यावर पोट भरणारा स्वतंत्र कारागीर होता. तो कारागीर मागें कसा पडला आणि त्याच्या विद्येचें पुढें काय झालें, हा खानदेशच्या इतिहासाचा एक उपेक्षित भाग होय.

प्रथम गंज म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. लोखंड निसर्गांत धातूच्या रूपानें क्वचितच आढळतें. खाणींतून येतो तो लोखंड व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेला दगड. कोळशाच्या प्रखर आंचेंत त्यांतील प्राणवायु हिरावून घेतला, म्हणजे हातीं लोखंड राहतें. तेव्हां गंजणें म्हणजे लोखंडानें आपल्या मूळच्या स्थितीकडे परत जाणें होय. त्यासाठीं प्राणवायु व पाणी हीं दोन्ही एकत्र असावीं लागतात. उकळून हवा काढलेल्या पाण्यानें बाटली कांठोकांठ भरून, आंत चकचकीत खिळा टाकून तोंड घट्ट बंद केलें, तर तो दीर्घ काळ तसाच राहतो. अगदीं कोरड्या हवेंतहि तो टिकतो. उघड्या, ओल्या जागीं मात्र तोच खिळा एका रात्रींत तांबूस होतो. मीठ असल्यास ही क्रिया फार वेगानें चालते. आणि मीठ समुद्राकांठींच असतें असें नाहीं, घामेजलेल्या बोटांच्या ठशांतहि तें असतें. जुन्या तलवारीच्या पात्यावर बोटाच्या आकाराचा डाग उमटलेला दिसतो, तो पुष्कळदां याच कारणानें.

तांब्यावरहि हवेनें थर चढतो, परंतु तो थर बहुधा घट्ट बसतो व आंतील धातूचें रक्षण करतो. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, प्रवरेच्या खोऱ्यांत, दायमाबाद येथें १९७४ सालीं हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ अशीं चार ब्राँझचीं शिल्पें सांपडलीं. ताम्रयुगांतील मानलीं जाणारीं तीं शिल्पें इतक्या दीर्घ काळानंतरहि आपला आकार राखून आहेत. लोखंडाच्या नशिबीं हें सुख नाहीं. त्याचा गंज भुसभुशीत असतो, मूळ धातूपेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळें फुगतो, तडकतो, पापुद्र्यांनीं गळून पडतो, आणि खालचें नवें लोखंड पुन्हां हवेच्या हवालीं करतो. दिल्लीच्या मेहरौली येथील गुप्तकालीन लोहस्तंभ हा प्रसिद्ध अपवाद आहे. त्याच्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर संरक्षक थर तयार झाला, असें आधुनिक धातुशास्त्रज्ञांच्या परीक्षणांत आढळलें आहे. परंतु घरांतील विळीला किंवा तलवारीला तें भाग्य लाभत नाहीं. तिच्यावरचा गंज म्हणजे बाहेरून बसलेली धूळ नव्हे. तें तिचेंच रूपांतर झालेलें अंग आहे. म्हणून गंज काढला म्हणजे वस्तु मूळपदावर आली, ही समजूत खरी नव्हे. गेलेलें लोखंड घासून परत येत नाहीं. घासण्यानें फक्त तें गेल्याचा पुरावा दूर होतो.

पुरावा हा शब्द येथें मुद्दाम योजिला आहे. खानदेशांतील लोखंडाची सर्वांत जुनी हकीकत गंजाच्याच रूपानें हातीं आली आहे. तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हें क्षेत्र आहे. तें पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा निराळा झाल्यापासून तें त्या जिल्ह्यांत मोडतें. तेथें १९५५ सालीं पुरातत्त्व खात्याच्या वतीनें बी. के. थापर यांनीं उत्खनन केलें. खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगांतील रंगीत मातीचीं भांडीं मिळालीं व त्यांच्या वरच्या थरांत लोखंड दिसूं लागलें. त्या वरच्या थराचा आरंभ इसवी सनापूर्वीं सुमारें ६०० वर्षें असा धरण्यांत आला. जळगांव जिल्ह्यांत, चाळीसगांव तालुक्यांत, गिरणेच्या कांठीं बहाळ येथें म. न. देशपांडे यांनीं १९५० नंतरच्या दशकांत केलेल्या उत्खननांतहि असाच क्रम आढळला. अशा थरांतून निघणारें लोखंड पाहणाऱ्याला लोखंड वाटतच नाहीं. तो मातीचा व गंजाचा तपकिरी गोळा असतो. क्ष-किरणांनीं त्याचें छायाचित्र घेतलें, तर आंत बाणाचें टोंक आहे कीं खिळा आहे कीं सुरीचें पातें आहे, हें समजतें. पुष्कळ वेळां आंतील धातु संपूर्ण नष्ट झालेली असते आणि वस्तूचा आकार केवळ गंजाच्या थरांत शिल्लक असतो. असा गोळा कोणी उत्साहानें विटेच्या भुकटीनें घासला, तर शेवटीं हातांत कांहींच उरावयाचें नाहीं.

जमिनीखालच्या लोखंडाची ही स्थिति. आतां जमिनीवरच्या लोखंडाकडे वळलें पाहिजे. मध्ययुगांत खानदेश हा दक्षिणेच्या वाटेवरचा प्रांत होता. फारुकी राजांची सत्ता येथें चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत टिकली. त्या वर्षीं असीरगड अकबराच्या हातीं पडला. पुढें मोंगल गेले, मराठे आले. नर्मदा ओलांडून दक्षिणेंत उतरणारीं व उत्तरेकडे चढणारीं सैन्यें याच वाटेनें जात असत. जेथें सैन्य, तेथें शस्त्र. आणि जेथें शस्त्र, तेथें शिकलगार.

हा शब्द फारसींतून आला. सैकल म्हणजे घासून आणलेली झिलई, व ती आणणारा तो सैकलगर. मराठींत त्याचा शिकलगार झाला. लोहार शस्त्र घडवी. शिकलगार त्याला धार देई, झिलई आणी, व त्याचें आयुष्य राखी. हिंदुस्थानच्या अनेक प्रांतांत या धंद्याचे लोक होते. मुसलमानांत आहेत तसे शिखांतहि आहेत. त्यांचें मुख्य साधन म्हणजे कुरुंद दगडाची पूड लाखेंत कालवून केलेलें चाक. कुरुंद हा कठिणपणांत हिऱ्याच्या खालोखाल गणला जातो. दोरीनें किंवा पट्ट्यानें चाक फिरवावयाचें आणि पातें त्यावर टेंकवावयाचें. भरड पुडीचें चाक खोल गंजासाठीं, बारीक पुडीचें झिलईसाठीं. आणि शेवटचा हात तेलाचा.

परंतु या कारागिराची खरी परीक्षा चाकावर नसे, ती डोळ्यांत असे. उंची तलवारीचें पोलाद सामान्य पोलादाहून वेगळें होतें. तेलंगणांतील कोनासमुद्रम् यासारख्या ठिकाणीं मुशींत वितळवून केलेलें पोलाद दूरवर जात असे. त्याचें पातें घडवून, हिराकसासारख्या लोहक्षारयुक्त द्रव्याच्या पाण्यानें हलकेंच खाऊं दिलें, म्हणजे त्यावर लाटांसारखी नक्षी उमटे. तीच त्या पोलादाची ओळख. ही नक्षी पृष्ठभागावर दिसते ती त्या सौम्य खाण्यामुळेंच. जाड हातानें घासलें कीं ती पुसली जाते आणि पातें नुसतें पांढरें, मुकें दिसूं लागतें. मुठीवर कोफ्तगारीचें काम असे. पोलादावर बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसविलेली असे. हें सोनें इतकें पातळ असतें कीं विटेच्या भुकटीचे दोनचार हात त्याला पुरे होतात. मराठ्यांच्या पुष्कळ तलवारींना फिरंग म्हणत, कारण तिचें पातें युरोपांतून आलेलें असे व त्यावर तेथील कारखान्याच्या मुद्रा ठोकलेल्या असत. पातें कोठून आलें व कोणत्या सुमारास आलें, हें सांगणारा तो एकच साक्षीदार. म्हणून चांगला शिकलगार गंजाच्या डागापाशीं थांबे, मुद्रेभोंवतीं हात आंखडी, आणि खोल खड्डा पडला असल्यास तो खड्डा तसाच ठेवून त्याच्या तळाशीं तेल मुरवी. खड्डा नाहींसा करावयाचा, तर भोंवतालचें सर्व पातें त्याच्या पातळीला उतरावें लागतें, हा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता.

हा धंदा खानदेशांत बसण्यास आरंभ झाला तो १८१८ पासून. त्या वर्षीं फेब्रुवारींत तापीकांठचा थाळनेरचा किल्ला सर टॉमस हिस्लॉप याच्या सैन्यानें घेतला. वर्षअखेरीस अमळनेर येथील अरब शिबंदीनेंहि शस्त्रें खालीं ठेविलीं. प्रांत इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें कारभाराचें मुख्य ठिकाण केलें. ज्या शिबंदीच्या, ज्या जहागीरदारांच्या जोरावर शिकलगाराचें चाक फिरत असे, ती शिबंदी घरीं बसली. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें धरणगांव येथें भिल्ल पलटण उभारली खरी. परंतु तिच्या बंदुकींची निगा पलटणीच्या शिस्तीनें होत असे, बाजारांतील शिकलगाराच्या हातानें नव्हे.

पलटणीच्या त्या शिस्तीची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. बंदुकीची दारू जळल्यावर जी राख मागें राहते, ती हवेंतील ओल ओढते व नळीला झपाट्यानें गंज चढविते. म्हणून नळी आंतून गरम पाण्यानें धुवावी, कोरडी करावी व तेल फिरवावें, असा नियम सर्वत्र होता. नळीच्या बाहेरच्या बाजूस मात्र जुन्या काळीं शिपाई विटेची भुकटी घासून आरशासारखी चमक आणीत. वर्षानुवर्षें हें चाललें कीं नळी पातळ होई. त्यावर युरोपांत जो उपाय रूढ झाला, तो मोठा चमत्कारिक आहे. नळीवर मुद्दाम बारीक, एकसारखा गंज चढवावयाचा, तो घासून घट्ट करावयाचा, पुन्हां चढवावयाचा, व शेवटीं त्यांत तेल मुरवावयाचें. त्यानें नळीला गडद तपकिरी रंग येई व पुढील गंजास अटकाव होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी सैन्याच्या बंदुकांनाहि हा रंग देण्यांत येऊं लागला. चमक म्हणजेच निगा, ही समजूत सैन्यानेंच अशी सोडून दिली. घरांतून ती अद्याप गेलेली नाहीं.

यानंतर १८५७ चें वर्ष आलें. सातपुड्यांत खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखालीं भिल्लांनीं उठाव केला आणि ११ एप्रिल १८५८ रोजीं अंबापाणी येथें मोठी लढाई झाली. शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा १८५७ सालींच झाला होता. १८६० सालीं दुसरा झाला आणि १८७८ च्या कायद्यानें परवान्याची पद्धत देशभर पक्की केली. जें शस्त्र खुंटीवर होतें, तें माळ्यावर गेलें. जें माळ्यावर होतें, तें भिंतींत किंवा कणगींत गेलें. लपविलेल्या वस्तूला तेल कोण लावणार? शिकलगाराला घरीं बोलावून तलवार दाखविणें हेंहि आतां जोखमीचें झालें. तो बिचारा चाक खांद्यावर टाकून कात्र्या व सुऱ्यांना धार लावीत गल्लोगल्लीं फिरूं लागला. विद्येचा उपयोग संपला म्हणजे ती विद्या एका पिढींत अर्धी होते व दुसऱ्या पिढींत नांवापुरती उरते. माळ्यावरच्या तलवारींची निगा त्यानंतर घरच्या माणसांच्या हातीं आली. त्यांच्यापाशीं प्रेम होतें, भक्ति होती आणि विटेची भुकटी होती, माप नव्हतें.

त्याच सुमारास दुसऱ्या वाटेनें नवें लोखंड खानदेशांत शिरत होतें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगांवची पेठ त्या काळीं भरभराटली. त्याच दशकांत रेल्वे भुसावळास पोंचली व तेथून एक फांटा नागपूरकडे व दुसरा जबलपूरकडे निघाला. १८७० सालीं मुंबई-कलकत्ता मार्ग पुरा झाला. १९०० सालीं चाळीसगांव-धुळें हा फांटाहि सुरू झाला. सरकी काढण्याचे कारखाने, गांठी बांधण्याचे दाबयंत्र, एंजिनें, रूळ, वाघिणी, असें लोखंड प्रांतभर पसरलें. त्याच्याबरोबर फिटर नांवाचा नवा कारागीर आला, आणि रॉकेल, ग्रीस व पुसण्याचा सुती बोळा हीं त्याचीं साधनें आलीं. कारखान्यांतून तीं साधनें हळूहळू घरांतील अवजारांच्या पेटींत पोंचलीं.

फिटरानें शिकविलेला धडा मोलाचा होता. चालतें यंत्र गंजत नाहीं. उभें राहिलेलें गंजतें. आगगाडीच्या रुळाची वरची कड चाकाखालीं घासून चकचकीत असते व बाजू तांबूस असतात. काळ्या जमिनींतून फिरणारी वखराची पास हंगामांत आरशासारखी असते, आणि पावसाळ्यांत गोठ्याच्या कोपऱ्यांत पडली कीं महिन्यांत खरबरीत होते. परंतु फिटरच्या धड्याला मर्यादा होती. त्याच्या दृष्टीनें लोखंड म्हणजे भाग. भाग झिजला तर दुसरा बसवावा. पूर्वजांच्या तलवारीला दुसरा भाग मिळत नाहीं.

आतां घरगुती उपायांचा विचार करूं गेल्यास, त्यांतील प्रत्येकामागें कांहीं तत्त्व आहे असें दिसतें. चिंच, लिंबू, आंबट ताक यांत आम्ल असतें. आम्ल गंजाला विरघळवितें, परंतु गंज संपला म्हणजे तें थांबत नाहीं. उघड्या पडलेल्या पोलादालाहि तें खाऊं लागतें व पृष्ठभाग करडा, निस्तेज होतो. म्हणून वस्तु आम्लांत बुडवून रात्रभर विसरून जाणें हा अपराध होय. दर घटकेस पाहावें, गंज सुटला कीं बाहेर काढावी, सोड्याच्या पाण्यानें आम्ल मारावें, स्वच्छ धुवावी व तत्काळ कोरडी करावी. फरशी धुण्याचें तीव्र आम्ल तर वापरूंच नये. त्यांतील क्लोराइड खड्ड्यांत दडून बसतें आणि गंज पुन्हां पुन्हां डोकें वर काढतो. काकवी पाण्यांत कालवून तींत वस्तु आठ-पंधरा दिवस ठेवण्याचाहि एक उपाय आहे. तो मंद आहे, पण चांगल्या लोखंडाला फारसा लागत नाहीं. रॉकेल गंजाला विरघळवीत नाहीं, मात्र तें बारीक फटींत शिरतें, पापुद्रे सैल करतें व अडकलेला स्क्रू मोकळा करतें. विटेची भुकटी व काचकागद हे निवड न करणारे नोकर आहेत. गंज व पोलाद यांत त्यांना भेद समजत नाहीं.

विजेचा उपाय या सर्वांहून निराळा आहे. प्लॅस्टिकच्या बादलींत पाणी घेऊन दर लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेलें अवजार बारा व्होल्टच्या एकदिश प्रवाहाच्या ऋण टोंकास जोडावें, व साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोंकास. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊं देऊं नये. अवजारावर बुडबुडे येतात, गंज सैल होऊन काळा पडतो व ब्रशानें निघतो. खालचें चांगलें लोखंड झिजत नाहीं. बुडबुड्यांतील हायड्रोजन वायु पेट घेणारा असल्यानें हें काम उघड्या हवेंत, दिवा-विस्तव दूर ठेवून करावें. जोडण्या लावण्यापूर्वीं व काढण्यापूर्वीं प्रवाह बंद करावा. धन टोंकास स्टेनलेस पोलाद कधींहि लावूं नये, कारण त्यांतून क्रोमियमचें विषारी संयुग पाण्यांत उतरतें. कडक पाणी दिलेल्या स्प्रिंगांस हा उपाय करूं नये. हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात.

या उपायाचा जन्म घरगुती कामासाठीं झाला नव्हता. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांसाठीं १८८८ सालीं रासायनिक प्रयोगशाळा निघाली व फ्रीड्रिख राथगेन हा तिचा पहिला प्रमुख झाला. त्याच सुमारास नॉर्वेंतील क्रेफ्टिंग यानें जस्त व कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्यानें उत्खननांतील लोखंडाचा गंज उतरविण्याची रीत काढली. त्या पिढीच्या संग्रहालयांत वस्तु पूर्ण उघडी करण्याची मोठी हौस होती. पुढें अनुभवानें कळलें कीं, जुन्या वस्तूचा मूळ पृष्ठभाग बहुधा गंजाच्या थरांच्या आंतच टिकून असतो. गंज समूळ उतरविला तर त्याच्यासह कारागिराच्या हाताच्या खुणाहि उतरतात. म्हणून आजचे संरक्षक वरचे सैल पापुद्रे तेवढे काढतात, घातक क्षार धुवून टाकतात, आणि घट्ट थर टॅनिनच्या द्रावणानें स्थिर करतात. टॅनिन गंजाशीं संयोग पावून त्याचें निळसर काळें, तुलनेनें शांत संयुग करतें. हिरड्यांत व बाभळीच्या सालींत हेंच द्रव्य असतें; हिरडा व लोखंड यांच्या योगानें कापडास काळा रंग देण्याची आपली जुनी रीत याच क्रियेवर उभी आहे. शास्त्र प्रयोगशाळेंतून फिरून ज्या ठिकाणीं आलें, तें शिकलगाराचेंच ठिकाण होय: जें सैल आहे तें काढा, जें घट्ट आहे तें राखा, आणि तेल द्या.

यावरून घरांतील लोखंडाचे तीन वर्ग करणें सोईचें होतें. पहिला वर्ग रोजच्या कामाच्या अवजारांचा. विळी, पटाशी, पाना यांचा गंज खुशाल पूर्ण काढावा. त्यांचें मोल कामांत आहे. दुसरा वर्ग वडिलोपार्जित वस्तूंचा. तलवार, कट्यार, जुना अडकित्ता, कुलूप यांना विट, काचकागद किंवा आम्ल लावूं नये. रॉकेल किंवा पातळ खनिज तेल लावून एक-दोन दिवस मुरूं द्यावें, मऊ कापडानें पुसावें, आणि पुसतांना कापडावर तांबूस रंग येईनासा झाला कीं थांबावें. काळसर घट्ट थर राहिला तर तो राहूं द्यावा. तें वयाचें लेणें आहे. पातें उघड्या हातानें धरूं नये, व चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें. खाद्यतेल कालांतरानें आंबटतें व चिकट होतें, म्हणून तें टाळावें. तिसरा वर्ग जमिनींतून निघालेल्या वस्तूंचा. नांगरतांना किंवा पाया खणतांना गंजाचा गोळा हातीं आला, तर त्याला स्वच्छ करण्याचा मोह आवरावा. जमिनींत सांपडलेल्या मौल्यवान ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देण्याचा कायदा १८७८ चाच आहे, आणि १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंस पुरावशेष म्हणून संरक्षण दिलें आहे.

अशा वस्तूंकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, हें धुळ्याला नव्यानें शिकविण्याची गरज नाहीं. ज्या शहरांत इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं देह ठेविला आणि जेथें दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें, तें हें शहर. राजवाडे यांनीं आयुष्यभर गांवोगांव हिंडून, कसर लागलेले, धुरानें काळवंडलेले, घरच्या माणसांनीं अडगळ म्हणून टाकलेले कागद गोळा केले, आणि त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध झाले. मळक्या कागदाला स्वच्छ करण्याच्या नादांत त्यावरील अक्षरच धुवून टाकणाऱ्याला आज कोणीहि सुशिक्षित म्हणणार नाहीं. लोखंडावरहि अक्षर असतें. पोलादाच्या लाटा, कारखान्याची मुद्रा, हातोड्याचा घाव, धारेवरचा दांता, हीं त्याचीं अक्षरें होत. कागदाचा इतिहास वांचविणाऱ्या या प्रांतांत, येत्या नवमीस विटेचा तुकडा उचलण्यापूर्वीं एखाद्या घरानें तेलाची वाटी जवळ घेतली, तर लोखंडाचा इतिहासहि थोडाफार वांचेल.